शेतातील घुशी आणि उंदरांसाठी सापळे: केव्हा, कोठे आणि कसे लावावेत

गहू निसवून दाणा भरू लागला, की बांधाकडेच्या ओळींत तिरके कापलेले फुटवे पडलेले दिसतात आणि तेव्हा कोठे पिंजऱ्यांची शोधाशोध सुरू होते. त्या वेळी सापळे लावून फारसे काही हाती लागत नाही, कारण चहूकडे दुधाळ दाणा लगडलेला असताना पिंजऱ्यातील शिळ्या भाकरीच्या तुकड्याकडे वळण्याचे उंदराला कारणच उरत नाही. सापळ्यांनी उंदीर आवरत नाहीत, असे जे सर्रास म्हटले जाते त्याचे मूळ बहुतेक वेळा या उशिरात असते. योग्य हंगामात, जिवंत बिळे ओळखून आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात मिळून लावलेले साधे पिंजरेसुद्धा उत्तम काम देतात. म्हणून या लेखात सापळ्यांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, सापळ्याआधीच्या कामांविषयी लिहिले आहे.

आपल्या शेतात नेमके कोण आहे?

महाराष्ट्रातील शेतांत सर्वाधिक उपद्रव काळ्या घुशीचा असतो. ही घरांच्या आसपास गटारांत फिरणाऱ्या मोठ्या घुशीहून लहान असते. तिचे वजन साधारण 200 ते 350 ग्रॅम भरते, अंग राठ व काळपट, तोंड बोथट आणि शेपूट शरीरापेक्षा आखूड असते. ऊस, भात, गहू आणि भुईमूग या चारही पिकांत ती आढळते, उत्तम पोहते आणि ओलसर जमीन पसंत करते. बीळ खणताना ती बाहेर मातीचा मोठा उकीर काढते आणि आत गेल्यावर बिळाचे तोंड त्याच भुसभुशीत मातीने बुजवून घेते. पिल्ले असलेली मादी सोडली तर एका बिळात बहुधा एकच घूस राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सापळ्यांची संख्या तिच्यावरूनच ठरवायची आहे.

काळ्या कसदार जमिनीत, उन्हाळ्यात पडलेल्या भेगांचा आसरा घेऊन राहणारा मऊ केसांचा शेत-उंदीर हा दुसरा. तो शंभर ग्रॅमच्या आतला असतो, फार खोल खणत नाही आणि त्याच्या बिळापाशी मोठा उकीर दिसत नाही. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत हरणउंदीर असतो; मागचे पाय लांब, शेपूट शरीराहून लांब व टोकाला केसांचा झुपका, यांवरून तो लगेच ओळखता येतो. या तिघांखेरीज जेमतेम दहा-बारा ग्रॅमची शेतातली उंदरी असते. तिच्या बिळाचे तोंड बोटभर रुंदीचे असल्याने ते सहज नजरेआड होते.

परदेशी चित्रफिती पाहून काही जण जमिनीखालच्या बोगद्यात बसवायचे कात्रीसारखे सापळे मागवतात, म्हणून येथे एक खुलासा करतो. ते सापळे मोल नावाच्या प्राण्यासाठी असतात. मोल हा कीटक आणि गांडुळे खाणारा, चिचुंदरीच्या दूरच्या नात्यातला प्राणी असून भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगराळ भागात आढळतो. महाराष्ट्रात तो नाही. आपल्या शेतातील मातीचे ढीग त्याच्या ढिगांसारखे दिसले तरी ते घुशीचे उकीर असतात. मोल दाणे खात नसल्यामुळे त्याच्या सापळ्याला आमिष लावत नाहीत. घूस मात्र आमिषाला येते, आणि त्यामुळे आपले काम बरेच सोपे होते.

चिचुंदरीचाही उल्लेख येथेच केलेला बरा. लांब सोंडेसारखे तोंड, बारीक डोळे आणि उग्र वास असलेला हा प्राणी उंदीर नव्हे. तो किडे खातो, पिकाला अपाय करीत नाही. पिंजऱ्यात सापडलाच तर सोडून द्यावा.

नुकसानीच्या खुणा वाचणे

भात आणि गव्हातील फुटवे जमिनीपासून थोड्या उंचीवर सुरीने छाटल्यासारखे तिरके कापलेले असतील तर ते काम उंदराचे समजावे. खोडकिडीने मेलेला पोंगा ओढल्यावर सहज निघून हातात येतो आणि त्यावर असा काप नसतो. भुईमुगात झाडाच्या बुडाशी माती उकरलेली असते, शेंगा गायब असतात आणि फोलपटे बिळाच्या तोंडाशी सापडतात. उसात जमिनीलगतच्या कांड्या कुरतडलेल्या असतात आणि लोळलेल्या उसाचे नुकसान उभ्या उसापेक्षा कितीतरी अधिक होते. ऊस मुळासकट उपटलेला, मोडून चघळून चोथा टाकलेला दिसला तर रानडुक्कर किंवा कोल्हा आठवावा. रुंद दातांचे ठळक ओरखडे दिसले तर साळिंदर. या प्राण्यांवर उंदराचे सापळे चालत नाहीत, आणि ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत असल्याने परस्पर काही करण्यापूर्वी वनखात्याशी बोलावे लागते.

ठिबकच्या नळ्यांना पडलेली भोके हा अलीकडचा मोठा डोकेदुखीचा विषय आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात उंदीर आणि खारी दोन्ही नळ्या कुरतडतात. नळीजवळ ताजी लेंडी किंवा बीळ असेल तरच उंदराला दोष द्यावा. खारीने केलेल्या नुकसानीसाठी रात्री लावलेले पिंजरे निरुपयोगी असतात, कारण खार दिवसा वावरते.

हंगाम ठरवणे

वर्षातील सर्वांत मोलाचा काळ म्हणजे रब्बीची काढणी उरकल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे आठवडे. एप्रिल-मे महिन्यांत बहुतेक शिवार मोकळे असते, खाण्याची चणचण असते, आणि उंदीर बांध, कालव्याचे भराव, पाटाच्या कडा, घासाचे वाफे आणि उभा ऊस अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेले असतात. पिकाच्या आडोशाअभावी बिळेही उघडी दिसतात. घुशीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो, एका वेताला सहा-आठ पिल्ले सहज होतात आणि ती पिल्लेही तीन-चार महिन्यांत वेताला येतात. त्यामुळे मे महिन्यात पकडलेली एक मादी ही दिवाळीपर्यंतच्या तिच्या साऱ्या गोतावळ्याइतकी मानायला हरकत नाही.

ही संधी हुकली तर पिकाच्या सुरुवातीच्या अवस्थेत दुसरी मिळते. भातात पुनर्लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांपासून पोटरी धरेपर्यंत, नोव्हेंबरमध्ये पेरलेल्या गव्हात डिसेंबरअखेरपर्यंत आणि भुईमुगात आऱ्या जमिनीत शिरून शेंगा भरू लागण्यापूर्वी सापळे लावावेत. उन्हाळी भुईमुगाकडे विशेष लक्ष द्यावे; आजूबाजूचे सारे रान वाळलेले असताना तेवढाच हिरवा तुकडा उरतो आणि परिसरातील उंदीर तेथे धाव घेतात. उसात लावणीनंतरचे पहिले तीन-चार महिने सोयीचे असतात. सऱ्यांवर पाला मिळून आला, की आत शिरणेच कठीण होते, आणि त्यानंतर सापळे फक्त कडेने लावता येतात.

चांदण्या रात्री उघड्या जागेवर उंदीर कमी फिरतात. म्हणून मोहिमेचे दिवस निवडण्याची मोकळीक असेल तर कृष्णपक्षाचा उत्तरार्ध धरावा. तो जमला नाही म्हणून काम पुढे ढकलू नये.

एकट्याने केलेल्या मोहिमेचे फळ अल्पायुषी असते. आपले दोन एकर रिकामे झाले, की शेजारच्या बांधातील तरुण उंदीर त्या तयार बिळांत येऊन राहतात. सलग पट्ट्यातील शेतकऱ्यांनी, निदान एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्यांनी, एकाच आठवड्यात सापळे लावावेत. ग्रामपंचायत किंवा शेतकरी गट पिंजरे सामाईक विकत घेऊन आळीपाळीने वापरू शकतो. पिंजरे वर्षातून काही आठवडेच लागत असल्याने ही व्यवस्था परवडते. ती बसवण्यासाठी थोडा वेळ खर्चावा लागला तरी तो सत्कारणी लागतो.

पहिले काम: जिवंत बिळांची मोजणी

दिसेल त्या बिळापाशी पिंजरा ठेवला तर निम्म्याहून अधिक पिंजरे सोडून दिलेल्या बिळांवर वाया जातात. त्यामुळे सापळ्यांच्या एक-दोन दिवस आधी पाहणी करावी. सायंकाळी बांध, पाटाच्या कडा, विहिरीभोवतालचा भाग, कडब्याच्या गंजीखालची जागा असे सगळीकडे फिरून उघडी दिसणारी सर्व तोंडे मातीने किंवा पाचटाच्या बोळ्याने बंद करावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांपैकी जी पुन्हा उघडलेली दिसतील ती जिवंत. तेथे काठी रोवून वर रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे संध्याकाळच्या अंधुक उजेडात शोधाशोध करावी लागत नाही.

घुशीच्या बाबतीत हीच परीक्षा उलटी करावी लागते. ती स्वतःच तोंड बुजवून बसत असल्याने बंद बीळ पाहून ते रिकामे समजणे चूक ठरते. उकिराची माती काठीने बाजूला सारून बुजवलेले तोंड मोकळे करून ठेवावे. आत घूस असेल तर सकाळपर्यंत ते बहुधा पुन्हा बुजवलेले आढळते. मातीचा रंगही सांगून जातो. रात्री काढलेला उकीर ओलसर, गडद आणि भुसभुशीत असतो. दोन-चार दिवसांचा उकीर फिकट पडतो, त्यावर पपडी धरते, वरून गवताचे कोंब येतात.

ही पाहणी करताना बिळात हात घालू नये, हा नियम कधीही मोडायचा नाही. उंदरांच्या मागे नाग, घोणस आणि धामण हे साप बिळांत येतात व तेथेच मुक्काम करतात. तोंड गुळगुळीत झालेले, ताजी माती नसलेले, जवळ कात पडलेले बीळ दिसले तर त्याच्या वाटेला जाऊ नये. पायात उंच बूट, हातात काठी आणि सायंकाळी विजेरी असावी.

बिळांबरोबर वाटाही पाहून ठेवाव्यात. उंदीर रोज त्याच मार्गाने जातो. गवतात दबलेली दोन-तीन इंच रुंदीची पट्टी, बांधाला घासून गेलेली कड, ओल्या पाटातील पावलांचे ठसे आणि लेंड्या यांवरून वाट कळते. जिथे वाट बांध ओलांडते किंवा पाटावरच्या फळीवरून जाते, ती जागा सापळ्यासाठी बिळाच्या तोंडाइतकीच चांगली असते.

सापळ्याची निवड

जाळीचा पिंजरा हा शेतासाठी सर्वांत भरवशाचा प्रकार आहे. प्राणी जिवंत सापडतो, चुकून मुंगूस किंवा पक्षी आत आला तर सोडता येतो आणि पिंजरा वर्षानुवर्षे टिकतो. मात्र घरगुती वापराचे लहान पिंजरे घुशीला अपुरे पडतात. तिचे अंग पूर्ण आत जाण्यापूर्वीच दार तिच्या पाठीवर आदळते आणि ती मागे सटकते. किमान फूटभर लांबीचा, जाड तारेचा, दाराच्या स्प्रिंगला ताठा असलेला पिंजरा घ्यावा. लाकडी तळ किंवा लाकडी चौकट असलेला घेऊ नये. घूस एका रात्रीत तो कुरतडून मोकळी होते. एकामागून एक बरेच उंदीर अडकतील असे नरसाळ्यासारख्या तोंडाचे पिंजरे गोदामात आणि खळ्यावर लहान उंदरांसाठी छान चालतात. एकेका बिळात एकेकटी राहणाऱ्या घुशीसाठी त्यांचा विशेष लाभ नाही.

चाप स्वस्त पडतात आणि योग्य बसले तर प्राणी तत्काळ मरतो. घुशीसाठी मोठा, लोखंडी पट्टीचा चाप लागतो. चापाचा तोटा असा, की तो कोणावर पडावा हे निवडता येत नाही. त्यामुळे उघड्यावर चाप ठेवायचाच असेल तर तो दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या मोडक्या कौलाखाली, पाइपच्या तुकड्यात किंवा दगडांच्या आडोशात ठेवावा, म्हणजे कुत्रे, कोंबड्या आणि पक्षी त्यापासून दूर राहतात.

तमिळनाडूतील तंजावरच्या भातपट्ट्यात बांबू आणि दोरीचा धनुष्यासारखा सापळा वापरला जातो. बांबूचा ताण सुटला की दोरी उंदराला आवळते. बांबूकाम जाणणारा कोणी असेल तर कोकणातही तो बनवता येईल. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले मडके हा अगदी लहान उंदरांसाठी बरा उपाय आहे, परंतु त्यात बेडूक आणि सापही पडतात. चिकट पट्ट्या शेतात वापरूच नयेत. धुळीने त्या तासाभरात निकामी होतात, आणि तोवर त्यावर सरडे व पक्षी तडफडत असतात.

आमिष

आमिषाविषयी गावोगावी ठाम मते असतात, आणि बहुतेक आपापल्या जागी बरोबर असतात. तत्त्व इतकेच, की शेतात जे मुबलक आहे ते आमिष म्हणून ठेवू नये. भुईमुगाच्या शेतात शेंगदाणा ठेवणे व्यर्थ आहे. तेथे भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा किंवा तेलात परतलेली भाकरी ठेवावी. कोकणात सुकट किंवा बोंबलाचा तुकडा चांगला चालतो, कारण घूस भाताबरोबर शेतातले खेकडेही आवडीने खाते. कांदाभजी घरात यश देतात, शेतात मात्र मुंग्यांची रीघ लावतात. कडक उन्हाळ्यात कलिंगडाची साल, काकडी किंवा रताळ्याचा काप असे पाणीदार आमिष कोरड्या आमिषावर मात करते.

खोबऱ्याच्या तुकड्याचा आणखी एक गुण असा, की तो खटक्याच्या आकड्यात घट्ट रोवून बसतो. पिठाची गोळी उंदीर अलगद चाटून जातो आणि पिंजरा तसाच उघडा राहतो. मुंग्यांचा त्रास असेल तर पिंजऱ्याभोवती राखेचे कडे घालावे व आमिष सूर्यास्तानंतरच लावावे. आमिष रोज बदलावे.

मांडणी

पिंजऱ्यांची संख्या एकरावर ठरवण्यापेक्षा जिवंत बिळांवर ठरवावी. घुशीच्या प्रत्येक जिवंत बिळामागे एक पिंजरा आणि त्याखेरीज मुख्य वाटांवर चार-पाच जादा, हा हिशेब व्यवहारात बसतो. पिंजरे कमी असतील तर ते सगळ्या शेतभर विखरून टाकू नयेत. एका बांधापासून सुरुवात करून तो पुरा झाल्यावर पुढच्या बांधाकडे सरकावे.

पहिल्या दोन रात्री पिंजऱ्याचे दार तारेने उघडे बांधून आत-बाहेर आमिष ठेवावे आणि खटका लावू नये. नवी वस्तू दिसली की उंदीर काही काळ तिच्यापासून दूर राहतो. दोन रात्री बिनधोक खाणे मिळाल्यावर त्याची भीड चेपते. घाईपोटी ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण पहिल्याच रात्री दाराचा नुसता धक्का बसून निसटलेला उंदीर पुढे त्या पिंजऱ्याजवळ फिरकत नाही. मऊ केसांचा उंदीर तुलनेने लवकर आत येतो. घुशीला वेळ द्यावा लागतो. तिसऱ्या संध्याकाळी तार सोडून खटका लावावा, आणि तो इतका हलका असावा, की आमिषाला बोटाचा स्पर्श होताच दार पडावे.

बिळापाशी पिंजरा ठेवताना आधी उकिराची सैल माती दूर करून तोंड मोकळे करावे. मग तोंडापासून वीतभर अंतरावर, दार बिळाकडे करून, जमीन सपाट करून पिंजरा टेकवावा. पिंजरा डगमगत असेल तर उंदीर पाय ठेवताच मागे फिरतो, म्हणून तळाखाली माती दाबून घ्यावी आणि पिंजऱ्याच्या तळावरही मातीचा पातळ थर पसरावा. वर पाचट किंवा गवत टाकून दोन्ही बाजू झाकाव्यात. आडोसा दिसला तर प्राणी आत शिरायला धजतो, शिवाय पहाटेच्या दवाने खटका गंजत नाही. दार आणि खटका यांच्या आड मात्र एकही काडी येता कामा नये.

वाटेवर पिंजरा ठेवायचा असेल तर तो वाटेच्या दिशेत ठेवावा, म्हणजे चालता चालता प्राणी आत जाईल. चाप मात्र वाटेला काटकोनात, खटक्याची बाजू वाटेकडे करून लावावा. दोन चाप पाठीला पाठ लावून ठेवले तर कोणत्याही बाजूने येणारा सापडतो. प्रत्येक सापळा तारेने खुंटीला बांधावा. अर्धवट अडकलेली घूस चाप ओढत बिळात नेते, आणि पिंजऱ्यातील उंदराच्या वासाने आलेले कुत्रे किंवा कोल्हा पिंजराच उचलून नेतो.

पाणी दिलेल्या शेतात सापळे बांधाच्या माथ्यावर ठेवावेत. त्या रात्री हाती लागणारी संख्या बरीच वाढते, कारण खालची बिळे भिजल्याने उंदीर वर सरकलेले असतात. पाण्याच्या पाळीशी मोहिमेचा मेळ घालता आला तर आवर्जून घालावा.

सापळे सूर्यास्ताच्या सुमारास लावावेत आणि उजाडताच पाहावेत. दिवसभर ते बंद ठेवावेत, नाहीतर मुंगूस, घोरपड, होला, तितर अडकतात. यांतील घोरपडीसारख्या प्राण्यांना कायद्याचे कडक संरक्षण आहे, आणि मुंगूस तर उंदीर मारण्याच्या कामात आपलाच साथीदार आहे. एका जागी सलग तीन रात्री काही मिळाले नाही तर पिंजरा पाच-सात हात सरकवावा. पिंजऱ्याला लागलेला उंदराचा वास घासून काढण्याची गरज नाही. आधीच्या उंदराच्या वासाने दुसरा बहुधा आत यायला बिचकत नाही. रक्त किंवा घाण लागली असेल तर ती पाण्याने धुऊन पिंजरा उन्हात वाळवावा.

वहीत रोज किती सापळे लावले आणि किती प्राणी सापडले ते लिहून ठेवावे. 20 सापळे 5 रात्री लावले म्हणजे 100 सापळा-रात्री झाल्या. त्यांत किती सापडले हा आकडा पुढच्या वर्षी तुलनेला येतो. सुरुवातीच्या रात्रींनंतर पकड घटत जाते. दोन-तीन रात्री सगळे सापळे रिकामे आले, की बिळे पुन्हा बुजवून मोजणी करावी. बिळे उघडत नसतील तर ते शेत झाले. बिळे उघडत आहेत आणि सापळे मात्र रिकामे आहेत, असे दिसले तर आमिष बदलावे किंवा खणण्याकडे वळावे.

सकाळची फेरी

हातात जाड रबरी मोजे आणि पायात बूट घालूनच पिंजऱ्याला हात लावावा. जिवंत उंदीर पिंजऱ्यासह पाण्यात बुडवण्याची रीत घराघरांत आहे, पण त्यात प्राणी बराच वेळ तडफडतो आणि घूस तर पोहणारी असल्याने आणखी वेळ लागतो. त्यापेक्षा पिंजऱ्याचे दार गोणपाटाच्या पोत्याच्या तोंडाला लावून प्राणी पोत्यात उतरवावा, पोते मुरगळून त्याला एका कोपऱ्यात आणावे आणि डोक्यावर जड दांडक्याचा एकच जोरकस घाव घालावा. ज्याला हे जमणार नाही त्याने ते काम दुसऱ्याकडे सोपवावे. अर्धवट घाव घालण्यात ना दया आहे ना सोय. दूर नेऊन सोडण्याने फक्त दुसऱ्याच्या शेतात उंदीर जातात.

मेलेले प्राणी विहीर, ओढा आणि शेततळ्यापासून लांब, दीड-दोन फूट खोल खड्ड्यात पुरावेत, वरून चुना टाकून माती दाबावी. ते उकिरड्यावर फेकू नयेत, कुत्र्यामांजरांना घालू नयेत.

खणणे, धूर आणि पाणी

सापळ्याला न येणाऱ्या घुशीचे बीळ खणावे लागते. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यातील कातकरी समाजात हे कौशल्य पिढीजात आहे. उकिरावरून बिळाची दिशा आणि मागचे निसटायचे तोंड ते ज्या अचूकपणे सांगतात, ते पाहून बरेच शिकता येते. पद्धत अशी: आधी आजूबाजूची सगळी तोंडे शोधून एक सोडून बाकीची दगडमातीने घट्ट बंद करावीत, उघड्या तोंडापासून बोगद्याच्या मागोमाग खणत जावे आणि एका माणसाने मागे काठी घेऊन उभे राहावे. भाताच्या शेतात अशा बिळाच्या आतल्या कोठारात लोंब्यांचा साठाही सापडतो. हे उंदीर कातकरी आणि काही अन्य समाजांत खाल्लेही जातात. म्हणून ज्या शिवारात विषारी आमिष टाकले आहे तेथे खणायला बोलावताना ते स्पष्ट सांगणे ही शेतमालकाची जबाबदारी आहे, आणि त्या शिवारातील उंदीर कोणीही खाता कामा नये.

मडक्यात किंवा धुरळणी यंत्रात पाचट व गोवऱ्या जाळून बिळात धूर सोडला, की घूस गुदमरून बाहेर येते. वाळलेल्या उसाजवळ आणि गंजीजवळ हा प्रयोग करू नये. एक ठिणगी पुरते. बिळात पाणी ओतणे हलक्या जमिनीत फारसे लागू पडत नाही, भारी जमिनीत पडते.

विषाविषयी थोडेसे

झिंक फॉस्फाइडचे 2 टक्के आमिष (96 भाग भरड धान्य, 2 भाग खाद्यतेल, 2 भाग औषध) आणि ब्रोमॅडिओलोनच्या 0.005 टक्के तीव्रतेच्या तयार वड्या हे रूढ उपाय आहेत. झिंक फॉस्फाइडपासून पोटात फॉस्फीन वायू तयार होतो आणि त्यावर नेमका उतारा नाही. लहान मुले व जनावरे असलेल्या वस्तीजवळ ते ठेवूच नये. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही, आणि ते खाऊन सुस्त झालेला उंदीर घुबडाने खाल्ला तर विष घुबडातही उतरते. सापळ्यांचा पहिला मान आहे तो यामुळे. उंदीर फार माजले आणि सापळे पुरे पडेनासे झाले, तर कृषी सहायकाच्या सल्ल्याने, बिळाच्या आत, कागदाच्या पुडीतूनच आमिष द्यावे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या शेतकऱ्याने स्वतः हाताळू नयेत.

आरोग्याची काळजी

उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कोकणात भातलावणीच्या काळात साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. पायाला जखम असेल तर ओल्या शेतात सापळ्यांचे काम करू नये. उंदरांच्या अंगावरील माइट किड्यांमुळे स्क्रब टायफसही होतो. 2018 मध्ये विदर्भात त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. मोहिमेनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, तीव्र अंगदुखी, डोळे लाल होणे किंवा अंगावर काळपट खपलीची जखम दिसली तर डॉक्टरांना उंदरांच्या कामाविषयी आपण होऊन सांगावे, कारण ही माहिती मिळाली तर योग्य तपासणी लवकर होते. उंदीर चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि दवाखान्यात जावे.

सापळा किंवा विष न वापरता उंदीर आपोआप मरून पडू लागले तर मात्र सापळ्यांचे काम तिथेच थांबवावे. मेलेल्या उंदरावरचे पिसू माणसाकडे वळतात; बीड जिल्ह्यातील मामला गावात 1994 साली प्लेगचे रुग्ण आढळले होते, हे विसरू नये. अशा उंदरांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

मोहीम झाल्यावर

रिकामी झालेली बिळे खणून, माती ठोकून बुजवावीत. तयार घर मिळाले नाही तर येणारा उंदीर तिथे टिकत नाही. जाडजूड बांध हेच घुशीचे आवडते वसतिस्थान असल्याने शक्य तेथे बांध एक-दीड फूट रुंदीचे आणि कमी उंचीचे राखावेत, त्यांवरील गवत काढीत राहावे. उसाचा खालचा पाला वेळेवर काढावा आणि लोळणाऱ्या उसाला आधार द्यावा. मळणीनंतर खळ्यावर दाणे व गंजीखाली काड सांडलेले राहू देऊ नये. शेतात दहा-बारा फूट उंचीचे इंग्रजी टी आकाराचे पक्षिथांबे रोवले तर घुबडे रात्री त्यावर बसून शिकार करतात. गव्हाणी घुबड पडीक घरात किंवा झाडाच्या ढोलीत राहत असेल तर त्याला अपशकुनी समजून हुसकावू नये. पीक निसवू लागल्यावर थांबे काढावेत, नाहीतर दिवसा त्यांवर दाणे टिपणारे पक्षी बसतात.

पिंजरे धुऊन, उन्हात वाळवून, स्प्रिंगला आणि खटक्याला तेल देऊन कोरड्या जागी टांगून ठेवावेत. वाकलेल्या तारा आणि सैल स्प्रिंगा त्याच वेळी दुरुस्त करून घ्याव्यात. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात बांधावरून पुन्हा एक फेरी मारून ताजे उकीर मोजावेत, आणि जेवढे दिसतील तेवढे पिंजरे त्याच संध्याकाळी बाहेर काढावेत.